गोठ्याच्या दाराची दुसरी फळी

ज्या माणसाने मला खोटं ठरवलं, त्यालाच मी माझ्या गाडीत घालून तीन दिवस हिंडवलं, जेवू घातलं आणि शेवटी त्याच्याशी एक सौदा केला. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. हा एकच असा, की ज्यात समोरचा जास्त देत होता आणि मी कमी मागत होतो.

जुन्नरच्या बाजारात माझं मोटरपंप आणि विजेच्या सामानाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी मागे फक्त आडनाव ठेवलं. दुकान मी उभं केलं. सुरुवात एसटी स्टँडबाहेर हातगाडीवर कॅसेट विकण्यापासून. एकदा पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याने भजनांच्या खोक्यात डझनभर भलत्याच कॅसेट घातल्या. 'ग्रॅनाइट पोस्ट' नावाचा पुण्यातल्या कँपातला बँड, गाणी इंग्रजी. माल परत घ्यायला तो तयार नाही. कशात फसलो ते तरी कळावं, म्हणून रागाने एक कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूला एकच गाणं, बावीस मिनिटांचं. मध्ये चारदा ताल बदलतो, शब्द जेमतेम. म्हटलं, इथेही फसवलं. तेवढ्यात बास गिटार सुरू झाली. चार जाड तारांचं ते वाद्य कानाआधी छातीत ऐकू येतं. हातगाडीवरचा पत्रा थरथरायला लागला. त्या दिवसापासून मी या बँडचा आणि ती गिटार वाजवणाऱ्या नेव्हिलचा झालो. बाराच्या बारा कॅसेट जुन्नरच्या लोकांच्या गळ्यात घातल्या. त्यातले दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

बँडला चाळीस वर्षं झाली, तो अजून वाजवतो. गाणारे बदलले, ड्रमवाले बदलले, नेव्हिल पहिल्यापासून होता. मागच्या वर्षी तो गेला. चाहत्यांनी आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि काम पानसे यांच्यावर आलं. पानसे म्हणजे पुण्यातले निवृत्त विद्युत अभियंता. बँडचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवलेला नाही, सगळी तिकिटं चिकटवहीत.

मीही माझी आठवण पाठवली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी लाउडस्पीकर भाड्याने देत असे. तळेघरच्या शाळेच्या कार्यक्रमाला सामान घेऊन गेलो होतो. भीमाशंकरच्या रानात राहून आलेला एक उंच माणूस पाठीवर गिटार घेऊन एसटीची वाट बघत होता. एसटी आली नाही. तो नेव्हिल होता. माझ्या लाउडस्पीकरवर, माझ्या ट्रकच्या बॅटरीवर त्याने शाळेच्या पटांगणात वीस मिनिटं वाजवलं. मग बॅटरी संपली. एवढंच लिहिलं होतं.

पानशांचं उत्तर दोन ओळींचं होतं. ट्रकची भरलेली बॅटरी वीस मिनिटांत संपत नाही. आणि नेव्हिल तळेघरला गेल्याची कुठे नोंद नाही, तेव्हा क्षमस्व.

हे 'क्षमस्व' माझ्या डोक्यात गेलं. मी फोन लावला. माझं नाव शांतिलाल आहे, पण ते ठेवताना घरच्यांना पुढची कल्पना नव्हती. पानसे शांतपणे ऐकत राहिले. मी चार पानं मागितली, ते चार ओळींवर आले. शेवटी ठरलं ते असं : त्यांनी स्वतः यायचं, मी साक्षीदार उभा करायचा. साक्षीदार पटला तर एक पान. नाही पटला तर मी जाहीर माफी मागायची.

जुन्नर

जानेवारीतल्या एका दुपारी पानसे एसटीतून उतरले. बारीक, चष्मा, खांद्याला शबनम, त्यात वही. मी गाडी पाठवणार होतो, ते नको म्हणाले. साक्षीदाराच्या पक्षाकडून काही घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जेवण कसं घेणार, असं मी विचारलं. त्याचा त्यांनी विचार केला नव्हता.

आम्ही जैन, आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं, नंतर काही खायचं नाही. साडेपाचला ताट वाढलेलं बघून पानशांनी घड्याळ पाहिलं. पुण्यात यावेळी त्यांचा चहा व्हायचा असतो. गट्ट्याची भाजी, खिचडी, पापड. कांदा-लसूण नाही म्हणून ते जपून जेवायला बसले आणि तिसऱ्यांदा भाजी घेतली. बायको वाढता वाढता म्हणाली, "ह्यांच्याशी भांडण करायचं असेल तर पाचच्या आत करावं. त्यानंतर पोटात नसलं तर हे कुणाचंच ऐकत नाहीत." ती गमतीने म्हणाली. मी विषय बदलला.

जेवण झाल्यावर त्यांना बाजारपेठेतून फिरवलं. जिथे माझी हातगाडी लागायची, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. चालता चालता पानसे फळीबद्दल बोलत होते. चाहते एकत्र आले की फळीवरच येतात. त्या लांब गाण्याच्या मध्यावर नेव्हिल गिटारची वायर काढून टाकायचा. स्टेजवर एक जुनी, काळपट लाकडी फळी उभी केलेली असायची, तिला लोखंडी कडी. गिटारचं डोकं त्या फळीला टेकवून तो वाजवायचा, आणि फळी बोलायला लागायची. पुढे एकच माइक. हजार माणसांचं सभागृह श्वास धरून बसायचं. पहिल्या कॅसेटवर ही जागा नाही, ती नंतर आली. फळी कुठली, हे त्याने कधी सांगितलं नाही. कुणी म्हणे गोव्यातल्या आजोबांच्या होडीची, कुणी म्हणे चर्चच्या बाकाची. पानशांच्या वहीत असे अकरा तर्क होते.

मी म्हटलं, फळी राहू द्या, माझ्या बॅटरीचं बघा.

शिनोली

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगाववरून शिनोली गाठली. माझा पहिला साक्षीदार तिथला, बबनराव. त्या काळी भीमाशंकरच्या गाडीवर कंडक्टर होते, आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांच्या वेळा तपासतात. त्यांच्या घरी मासवड्या केलेल्या होत्या. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, वर झणझणीत रस्सा. लसणाशिवाय ती होत नाही, म्हणून मी ताक प्यालो आणि पानसे घाम पुसत जेवले. जुन्नर-आंबेगावात येऊन मासवडी न खाता परत जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी सोडून.

मी बबनरावांना सगळी आठवण करून दिली. उंच माणूस, पाठीवर गिटार, भीमाशंकर.

"गिटारवाला न्हाई आठवत, शेठ. लई लोकं नेली," ते म्हणाले. "दारवाला आठवतोय."

"कसला दारवाला?"

"दार घिऊन चढला व्हता, तळेघरला. म्हंजी अर्धं दार, एक फळी. म्या म्हणलं, पावणं, घर बी मागनं येतंय का? तर हसला नुसता. दाराचं लगेज फाडलं म्या. सगळ्या नोकरीत एकदाच."

माझं डोकं तापलं. एवढ्या लांब येऊन हाती दार लागलं. मी म्हणालो, बबनराव, मी गिटारचं विचारतोय, सुताराचं नाही. पण पानशांचा घास हातातच राहिला होता.

"फळीला कडी होती का हो?" त्यांनी विचारलं.

"व्हती की. मंचरपतुर खडखड खडखड. डायवर वैतागला व्हता."

पानशांनी वही उघडली, एक ओळ लिहिली आणि मिटली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात लाउडस्पीकर होता, दुसऱ्या कशाला जागा नव्हती. निघताना बबनराव म्हणाले, तळेघरला शाळेशेजारी अनुसाबाई राहते, तिला इचारा. तिला शाळेतली पंधरा ऑगस्टची भाषणंसुद्धा पाठ आहेत.

तळेघरची वाट

डिंभ्याचं पाणी मागे टाकून रस्ता वर चढायला लागला आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तीही बसलेली. ती मी जुन्या बाजारातून घासाघीस करून घेतली होती. पानशांनी शबनम खांद्याला अडकवली आणि गाडी तिथेच सोडून चालायला लागले.

दीड तास चाललो. खाली धरणाचं पाणी निळं, वर उतारावर भाताची खाचरं कापणी होऊन मोकळी पडलेली, मध्ये मध्ये पेंढ्याच्या गंजी. आमच्या जुन्नरच्या बाजूला, द्राक्षांच्या पट्ट्यात, अशी मोकळी जमीन दिसली तर लोक विचारतील, काय लावलं नाही का. इथे भात आणि नाचणी झाली की जमीन पुढच्या पावसापर्यंत विसावा घेते. पानशांना दम लागत होता, तरी ते थांबत नव्हते. कालपर्यंत माझ्या मागे येणारा हा माणूस आज माझ्या पुढे चालत होता. शेवटी मागून एक जीप आली. आत आधीच चौदा माणसं. भाड्यासाठी मी तोंड उघडणार, तेवढ्यात पानसे आत बसलेसुद्धा.

तळेघर

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शाळा तीच, रंग नवा. शेजारचं कौलारू घर अनुसाबाईंचं. पडवीत हिरड्याचं पोतं, एका बाजूला गोठा. वय सत्तरीचं, पाठ ताठ. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुमी दिवस मावळायच्या आत जेवणारं शेठ न्हवं का?"

मी पानशांकडे विजयाने पाहिलं. साक्षीदार उभा राहिला होता, तोही न विचारता. म्हटलं, सांगा मावशी, त्या दिवशी काय झालं ते ह्यांना सांगा.

त्यांनी सगळं सांगितलं. कार्यक्रम संपला होता, पोरं अजून बसून होती. उंच माणसाने माझ्या लाउडस्पीकरच्या पेटीला वायर लावली आणि वाजवायला लागला. गाणं नव्हतं त्यात काही, पण पोटात गुरगुरायचं. कोंबड्या गप झाल्या. पोरं हसायची थांबली. पानसे भराभर लिहीत होते. माझी छाती फुगली होती.

"आन् मग ह्यांनी वायर उपटली," अनुसाबाई म्हणाल्या.

पानशांचं पेन थांबलं.

मी म्हणालो, बॅटरी संपली होती.

"कशानं? तुमचा दिवा रातच्याला आठ वाजेपतुर जळत व्हता की, सामान भरताना." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगत होत्या. "दिवस डोंगराआड गेला, तुमास्नी वाटलं मावळला. दोनदा म्हणलात, आवर आता. त्याचं डोळं मिटल्यालं. तिसऱ्यांदा उठलात आन् वायर उपटली. म्या सांगाया येत व्हते, शेठ, हितं दिवस लवकर डोंगराआड जातो, मावळत न्हाई. अजून अर्धा तास हाय. पर तुमी कुणाचं ऐकता?"

मला सगळं आठवत होतं. अठ्ठावीस वर्षं आठवत होतं. फक्त तो अर्धा तास मी कधी हिशोबात धरला नव्हता. जुन्नरच्या सपाटीवर वाढलेल्या माणसाला सूर्य दिसेनासा झाला म्हणजे मावळला, एवढंच ठाऊक. उपाशी झोपायची वेळ आली म्हणून मी भडकलो होतो, आणि नंतर लाजेने बॅटरीच्या माथी मारलं. इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं, की मलाही ते पटत आलं होतं.

पानसे मला काही म्हणाले असते तर मी भांडलो असतो. ते अनुसाबाईंना म्हणाले, "मग पुढे?"

पुढे मी याच पडवीत भिंतीला पाठ लावून बसलो. दिवस गेलाच असं धरून डबा उघडणार नव्हतो. अनुसाबाईंनी बाहेर नेऊन खिंडीतलं ऊन दाखवलं, तेव्हा कुठे घाईघाईने दशम्या खाल्ल्या. ऊन पाहिलं ते आठवतं. पण त्याचा अर्थ मनावर घेतला नाही, कारण तो घेतला असता तर उठून वायर परत जोडावी लागली असती. तो माणूस माझ्यावर चिडला नाही. पोरं हलत नव्हती, म्हणून गोठ्याच्या दाराला टेकून तसाच तारा छेडत राहिला. गिटारचं डोकं दाराला लागलं आणि दार घुमायला लागलं. एकेक पोर उठून दाराला कान लावायला लागलं.

"ह्यांच्या पाठीमागंच चाललं व्हतं," अनुसाबाई म्हणाल्या.

मला ती घरघर आठवली. भिंतीतून पाठीत येत होती. मला वाटलं होतं, आत कुणी जातं फिरवतंय. ज्या जागेसाठी पुढे हजार माणसं श्वास धरून बसायची, ती पहिल्यांदा माझ्या पाठीवर वाजली, आणि मी दशमी चावत रागात बसलो होतो.

वर्षाने तो परत आला. त्याला ते दार हवं होतं. अनुसाबाईंचे मालक तेव्हा हयात होते, ते नाही म्हणाले. गोठा उघडा ठेवून कसं चालेल, बिबट्या येतो. मग तो दोन दिवस राहिला. घोडेगावाहून सुतार आणला, नवी फळी करवली, स्वतः बिजागऱ्या धरून बसवली, आणि मगच जुनी फळी पाठीवर घेतली. एकच घेतली. दुसरी वासरं बांधायला लागते म्हणून राहू दिली.

आम्ही गोठ्यापाशी गेलो. दाराची एक फळी पिवळट, नव्या धाटणीची. दुसरी काळी, खरबरीत, तिला लोखंडी कोयंडा. पुण्यातल्या फळीला कडी आहे. पानशांनी शबनममधून फोटो काढला आणि दारापुढे धरला. लाकडाच्या रेषा एका फळीतून दुसरीत सलग जात होत्या. मग साठी उलटलेल्या त्या अभियंत्याने चष्मा काढला आणि ते गोठ्याच्या दाराला कान लावून उभे राहिले. आत एक वासरू रवंथ करत होतं. मीही दुसऱ्या बाजूने कान लावला. वासराशिवाय काही ऐकू आलं नाही. पण लगेच निघालोही नाही.

अनुसाबाईंनी एकच चौकशी केली. "तिला तेल लावत्यात का? ऐनाचं लाकूड हाय. कोरडं ठिवलं तर चिरतं."

पानशांना माहीत नव्हतं. बँडमध्ये आता नेव्हिलच्या जागी एक तरुण मुलगी वाजवते, फळी तिच्याकडे आहे. तिला आजच सांगतो, असं ते म्हणाले. आणि खरोखर फोनला रेंज मिळते का बघायला टेकाडावर गेले.

तेवढ्यात ऊन अंगणातून निघून गेलं. सूर्य डोंगराआड झाला. माझा हात सवयीने डब्याकडे गेला. अनुसाबाईंनी चुलीवरून भाकरी उतरवली. "बसा निवांत," त्या म्हणाल्या. "कांदा-लसूण न्हाई घातलं. अजून दिवस हाय." नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, खाचरातल्या तांदळाचा भात. मी घड्याळ लावून बसलो नाही. पोटभर जेवलो, हात धुतले, बाहेर येऊन खिंडीकडे पाहिलं. तिथे अजून ऊन होतं.

परतीची वाट

मुक्काम करून सकाळी जीपने निघालो. घोडेगावच्या टायरवाल्याशी मी भावावरून वाद घातला नाही. पानशांनी त्याची दखल घेतली.

चाक बसवून गाडी सुरू झाल्यावर त्यांनी विषय काढला. फळीचं गूढ उकललं होतं, अकरा तर्क खोडायचे होते. ते मला चार पानं द्यायला निघाले. शिवाय गोठ्याच्या दाराचा फोटो, पूर्ण पानभर. वायरचा उल्लेख टाळता येईल, असंही म्हणाले. 'काही कारणाने लाउडस्पीकर बंद पडला' असं लिहू. तसं ते खोटं नाही.

मी म्हटलं, पानसेसाहेब, तुम्ही विजेचे अभियंते ना? मग 'काही कारणाने' कसं चालेल?

ते हसले. तीन पानं तरी घ्या म्हणाले. मी म्हटलं, ठरलं होतं एक, एकच घेणार, जुन्नरच्या बाजारात बोली फिरवत नाहीत. बाकीची तीन अनुसाबाईंची. त्या सांगतील तसं, त्यांच्या बोलीत. पुस्तकाच्या कार्यक्रमाला त्यांना आणायला गाडी माझी जाईल, नवी स्टेपनी घेऊन. पानसे दोन पानांवर अडून बसले. नारायणगाव येईपर्यंत भांडलो. अनुसाबाईंना तीन मिळाली.

माझ्या पानाचा मजकूर मी घरी बसून लिहिला, साडेपाचच्या जेवणानंतर. पहिली ओळ अशी आहे : बॅटरी संपली नव्हती.